जुनी स्क्रिप्ट आणि बदललेला सर्व्हर: पीएचपी ८.२ वरचा काही महिन्यांचा अनुभव

ठाण्यात नौपाड्यातील एका छोट्या वाचनालयाची ग्रंथसूची आणि सभासदांची वर्गणी सांभाळणारी, पीएचपी या वेब-प्रोग्रामिंग भाषेतली स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) माझ्याकडे देखभालीला आहे. मूळ लेखन पीएचपी ५ च्या काळातले असून किरकोळ डागडुजीवर ती ७.४ पर्यंत चालत आली. ७.४ च्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या होत्या, त्यामुळे होस्टिंग कंपनीने सर्व्हरवर ८.२ आणली यात वावगे काही नव्हते. मात्र त्या दिवसापासून ग्रंथसूचीच्या जागी कोरे पांढरे पान येऊ लागले. आवश्यक दुरुस्त्या करून स्क्रिप्ट गेले काही महिने ८.२ वरच चालवल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

चालू संकेतस्थळावर त्रुटी पडद्यावर दाखवणे बंद ठेवलेले असते आणि ते योग्यच आहे. म्हणून कोरे पान दिसताच पहिल्यांदा एरर लॉग, म्हणजे सर्व्हरवरची त्रुटींची नोंदवही, उघडावा. त्यात फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. आमच्याकडे पहिला अडथळा यादीतील नोंदी एकेक करून देणाऱ्या ‘ईच’ या फंक्शनचा निघाला, जे ७.२ मध्ये कालबाह्य ठरवून ८.० मध्ये काढून टाकले गेले. त्या जागी साधे ‘फॉरईच’ लिहिताच पान उघडले. दुसरा अडथळा डेटाबेसचा होता. ८.१ पासून मायएसक्यूएलआय हे डेटाबेसशी जोडणारे एक्स्टेन्शन फसलेल्या क्वेरीवर (डेटाबेसकडे केलेल्या विचारणेवर) मूळ सेटिंगमध्येच एक्सेप्शन, म्हणजे काम थांबवणारी त्रुटी, फेकते, पूर्वी ते नुसते ‘फॉल्स’ परत देत असे. तक्त्यातून कधीच काढून टाकलेल्या एका रकान्याचा उल्लेख असलेली आमची क्वेरी त्यामुळे मुकाट्याने फसत राहिली होती, ती आता उघड झाली. हा बदल मला मनापासून आवडला.

खरा वेळ गेला तो लॉगमध्ये काहीच न उमटवणाऱ्या बदलांत. ७.४ मध्ये शून्य आणि रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) यांची सैल तुलना, म्हणजे आकडा की मजकूर हे न पाहता केलेली तुलना, खरी ठरत असे, ८.० पासून ती खोटी ठरते. आमच्या फॉर्ममध्ये थकबाकीचा रकाना रिकामा ठेवलेला असला की स्क्रिप्ट त्याला शून्य समजत होती; नव्या आवृत्तीत तेच सभासद थकबाकीदारांच्या यादीत दिसू लागले. पान व्यवस्थित उघडत होते, लॉगमध्ये याबद्दल एकही नोंद नव्हती, आणि ज्यांनी वर्गणी वेळेवर भरली होती त्यांची नावे चुकीच्या यादीत होती. एखादी स्क्रिप्ट बंद पडण्यापेक्षा हे कितीतरी गंभीर आहे, कारण इथे माणसाच्या विश्वासाचा प्रश्न येतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे की, दोन्ही आवृत्त्यांवर एकाच डेटाची यादी काढून त्या ओळीला ओळ लावून ताडून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झाले असे मानू नये.

मराठी मजकुराच्या बाबतीत मात्र ८.२ ने एक जुने कोडे सोडवले. सूचीत काही लांब शीर्षके पूर्वीपासून रिकामी दिसत. लांब शीर्षके छाटण्यासाठी वापरलेले ‘सबस्ट्र’ हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे आणि मधली मोकळी जागा १ बाइटची, त्यामुळे काट कधी कधी चिन्हाच्या मधोमध बसत असे. असा तुटका मजकूर मिळाला की ‘एचटीएमएलस्पेशलचार्स’ हे मजकूर पानावर सुरक्षितपणे दाखवण्यासाठीचे फंक्शन पूर्वी थेट रिकामी स्ट्रिंग देई, ८.१ पासून ते तुटक्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन ठेवून बाकीचे शीर्षक दाखवते. दोष दिसल्यावर दुरुस्ती सोपी होती. ‘एमबी_सबस्ट्र’ने चिन्ह तुटत नाही, पण व्यंजनापासून मात्रा सुटू शकते, सर्व्हरवर इंटल हे विविध भाषांसाठीचे एक्स्टेन्शन असेल तर मात्रेसकट अक्षर मोजणारे ‘ग्राफीम_सबस्ट्र’ अधिक योग्य.

तक्रार एकच. क्लासमध्ये (कोडमधल्या साच्यात) आधी जाहीर न केलेल्या प्रॉपर्टी (माहितीचे कप्पे) वापरल्यास ८.२ प्रत्येक पानागणिक इशारा नोंदवते आणि त्या गर्दीत महत्त्वाच्या नोंदी हरवतात. इशारे दडपून टाकण्यापेक्षा त्या प्रॉपर्टी जाहीर करणे श्रेयस्कर.

होस्टिंगच्या पॅनेलमधून ७.४ वर परतण्याची सोय अनेकांना मोहात पाडेल. संध्याकाळी देवघेवीच्या वेळी सूची तातडीने हवी असेल तर ती वापरावी, पण सभासदांचे पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक असलेली स्क्रिप्ट त्या आवृत्तीवर मुक्कामाला ठेवू नये. ८.२ ला सुरक्षा-दुरुस्त्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंतच मिळणार आहेत. त्यामुळे स्क्रिप्टची एक प्रत उपडोमेनवर (त्याच संकेतस्थळाच्या वेगळ्या पत्त्यावर) ठेवली असून पुढची आवृत्ती आधी तिथेच लावली जाईल आणि पहिली ताडणी थकबाकीच्या यादीची होईल.