मांडवीवरचा सूर्यास्त: नाचगाण्याची क्रूझ की बेतीची फेरीबोट?

पणजीला जाणारे बहुतेक जण संध्याकाळी सांता मोनिका जेटी गाठतात. तासाभराची क्रूझ, वरच्या डेकवर रंगमंच, समोर खुर्च्या. देखणी, फुगडी ही गोव्याची लोकनृत्यं आणि पोर्तुगीज वळणाचा कोरिदिन्यो नाच एकाच बैठकीत बघायला मिळतो, ही मोठी जमेची बाजू. घरातली म्हातारी माणसं नि लहान मुलं सोबत असतील तर मी डोळे झाकून क्रूझच सुचवेन. मात्र बोट निवडताना आधी कार्यक्रम विचारा. काही बोटींवर लोकनृत्यापेक्षा डीजेच जास्त वाजतो. आणि वेळ बघा. डिसेंबरात सूर्य सहानंतर लगेच बुडतो, मे महिन्यात सातच्या सुमारास. त्यामुळे डिसेंबरात सहाची बोट सुटल्यावर थोड्याच वेळात मुख्य सोहळा आटोपतो.

दुसरा पर्याय पणजीहून समोरच्या काठावरच्या बेतीला जाणाऱ्या फेरीबोटीचा. खर्च नावापुरता, प्रवास काही मिनिटांचा. बसायला धड जागा नाही, स्कूटरी आणि कामावरून परतणारी माणसं खेटून उभी. पण पश्चिमेकडच्या कठड्याला टेकलात की नदीचं मुख समोर मोकळं होतं, उजवीकडे रेइश मागुशचा किल्ला तांबूस दिसतो आणि इंजिनाच्या धडधडीखेरीज कसलाच आवाज नसतो. मन भरलं नाही तर त्याच फेरीने परत या.

नृत्य बघायचं असेल तर क्रूझ. पण नुसता सूर्यास्तच हवा असेल, तर माझं मत बेतीच्या फेरीला.