फॉस्फेट आणि साबण जॉबवर्क, भोसरी एमआयडीसी: काम एक नंबर, पावसाळ्यात मात्र आधी बोलून घ्या

५ पैकी ४ स्टार. पाचवा का गेला ते खाली लिहिलंय, पण माल टाकायचा की नाही एवढंच विचारत असाल तर बिनधास्त टाका.

आमचं काम कोल्ड फोर्जिंगचं (लोखंड न तापवता प्रेसमध्ये दाबून आकार देणं), गिअर ब्लँक, छोटे शाफ्ट आणि कप टाइप पार्ट, आणि यातला कप हाच खरा डोकेदुखीचा पार्ट कारण पंच (वरून दाबणारं हत्यार) खाली येतो तेव्हा स्लगचा (कापलेल्या लोखंडी तुकड्याचा) पृष्ठभाग कित्येक पट ताणला जातो, आतून कोरं लोखंड बाहेर येतं आणि नुसतं तेल असलं तर ते दाबाखाली बाजूला पळतं, मग लोखंडावर लोखंड घासतं, पंचला मटेरियल चिकटतं आणि पुढच्या प्रत्येक पीसवर आतून उभे ओरखडे. म्हणून झिंक फॉस्फेट आणि त्यावर साबण. फॉस्फेट म्हणजे वरून फासलेला रंग नाही, अ‍ॅसिड लोखंडाला थोडं खातं आणि तिथल्या तिथे स्फटिक उगवतात, आणि साबण म्हणजे सोडियम स्टिअरेट त्या फॉस्फेटशी रिअ‍ॅक्ट होऊन झिंक स्टिअरेट होतो, त्यामुळे तो पकडून बसतो आणि धातूबरोबर ताणला जातो. वर उरलेला साधा साबण तो बोनस.

आता लोक फॉस्फेटिंगवाला निवडताना काय बघतात, तर रेट आणि माल काळा-राखाडी एकसारखा दिसतोय का. अहो राखाडी तर सगळेच करतात! मी म्हणतो मधल्या पाण्याच्या टाक्या बघा. इथे गेलात तर लाइन अशी आहे: गरम अल्कली, पाणी, हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, पाणी, परत पाणी, मग फॉस्फेट ८० डिग्रीच्या आसपास, पाणी, न्यूट्रलायझर आणि शेवटी गरम साबण. अ‍ॅसिडनंतरच्या दोन्ही टाक्यांना ओव्हरफ्लो चालू होता, खरोखर चालू, कस्टमर दिसला म्हणून नळ सोडला असं नाही, आणि लाइनवरचा पोऱ्या दुसऱ्या टाकीत पीएचचा कागद बुडवून बघत होता. बऱ्याच ठिकाणी पाणी वाचवायला हेच नळ बंद असतात. मग अ‍ॅसिडमधलं क्लोराइड पीसवर तसंच राहतं आणि साबणाखालून गंज फुटतो, वरून माल चकाचक.

साबणाची टाकी हा तर वेगळाच विषय. फॉस्फेटमधलं अ‍ॅसिड पीसबरोबर पुढे गेलं की साबण फाटतो, वर दह्यासारखे गोळे तरंगतात, आणि बोअरचं जड पाणी वापरलं तरी कॅल्शियमचा चिकट साका होतो तो वेगळा. हे लोक साबण आणि फॉस्फेटला आरओचं पाणी वापरतात, बोअरचं फक्त पहिल्या धुण्याला. मी झाकण काढायला लावून बघितलं, वर फेस होता, गोळे नव्हते. तिथल्या सुपरवायझरला विचारलं साबण किती दिवसांनी बदलता, तर म्हणाला, "साहेब, दिवसावर नाही, पॉइंट (तपासणीत येणारा तीव्रतेचा आकडा) बघून. आणि जास्त साबण मागू नका, तुमच्याच डायच्या (साच्याच्या) कोपऱ्यात जाऊन बसेल." हे ऐकल्यावर मला माणूस पटला, कारण बरोबर आहे ते, साबण जास्त झाला की डायच्या कोपऱ्यात साचतो, कोपरा भरत नाही आणि आपण उगाच प्रेसच्या टनेजला शिव्या घालत बसतो.

टायट्रेशन (फॉस्फेटच्या टाकीतल्या द्रावणाचं, म्हणजे बाथचं, रासायनिक मोजमाप) प्रत्येक शिफ्टला होतं आणि रजिस्टर टेबलावर उघडं पडलेलं असतं, लपवाछपवी नाही. १० एमएल बाथ घ्यायचा, पॉइंट वन नॉर्मल कॉस्टिकने फ्री अ‍ॅसिड काढायचं, मग टोटल. फ्री अ‍ॅसिड वाढलं की लोखंड नुसतं खाल्लं जातं आणि कोटिंग पातळ बसतं, फार कमी झालं तर बाथ स्वतःच गाळ सोडायला लागतो. गाळ तसाही होतोच, विरघळलेलं लोखंड फेरिक फॉस्फेट होऊन तळाला बसतं, आणि तो वेळेवर काढला नाही की पीसवर पांढरट पावडर येते, बोटाला लागते. गुरुवारी एमआयडीसी बंद, तेव्हा टाकी शांत असते, वरचा स्वच्छ बाथ दुसऱ्या टाकीत ओढून घेतात आणि खालचा गाळ काढतात. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आहे, गाळाचे ड्रम लेबल लावून शेडमध्ये ठेवलेले दिसले.

कोटिंग वेटचा रिपोर्ट मागितला तर देतात, आणि नीट देतात. आधी पीसचं वजन, मग उकळत्या पाण्यात साधा साबण काढून वजन, मग सॉल्व्हंटमध्ये झिंक स्टिअरेट काढून वजन, मग क्रोमिक अ‍ॅसिडमध्ये फॉस्फेट उतरवून वजन. तीन आकडे वेगवेगळे. आमच्या कपला फॉस्फेट ८ ते १० ग्रॅम पर स्क्वेअर मीटर बसतं आणि पंच मस्त चालतात. आधी ज्यांच्याकडे टाकायचो (नाव घेत नाही) त्यांचा रिपोर्ट म्हणजे सगळं मिळून एकच आकडा, त्यात साबण किती फॉस्फेट किती देव जाणे, आणि महिन्याच्या शेवटी पंच तुटले की "तुमचं अ‍ॅनीलिंग बघा" (म्हणजे तुम्हीच माल तापवून नीट मऊ केला नाही) हे उत्तर तयार!

चपट्या स्लगबद्दल एक सांगतो. बॅरलमध्ये (माल ज्यात घालून फिरवतात त्या पिंपात) चपटे पीस एकमेकांना तोंडाला तोंड चिकटतात आणि मधे गोल कोरा डाग राहतो. इथे बॅरल पूर्ण भरत नाहीत, अर्ध्याच्या आसपास भरून फिरवतात, म्हणून डाग जवळजवळ नाहीत, पण त्यामुळेच रेट किलोमागे रुपया-दीड रुपया जास्त पडतो. मला चालतं. कार्बाइडच्या एका इन्सर्टची किंमत बघा आणि मग रुपयाचा हिशोब करा.

आता तक्रारी. छोटा लॉट घेतात पण रांगेत शेवटी टाकतात, शंभर-दोनशे किलो असेल तर फोन करून करून माल काढावा लागतो, आणि मालक फोनवर "उद्या देतो हो दादा" म्हणतात तो उद्या कधीकधी गुरुवारी येतो. दुसरं म्हणजे पावसाळा. साबण हवेतलं पाणी ओढतो, आणि ड्रायरमधून निघालेला माल यांनी गेल्या जुलैत उघड्या क्रेटमध्ये टेम्पोत चढवला, वर नुसती ताडपत्री. वरचा थर ओलसर चिकट झाला, काही पीसवर लालसर ठिपके. बोलल्यावर परत करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण दोन दिवस प्रेस बसली त्याचं काय? आता आम्हीच लायनर पिशव्या पाठवतो, माल गार झाला की बांधून घ्यायला सांगतो आणि आल्यावर लगेच लाइनला लावतो, साठवून ठेवत नाही.

हल्ली एका डिपवाले पॉलिमर कोटिंग विकायला बरेच जण येतात, गाळ नाही, अ‍ॅसिड नाही, टाक्या कमी. साध्या हेडिंगला (बोल्टसारखं डोकं ठोकण्याला), हलक्या पार्टला चांगलं आहे, खोटं नाही बोलत. पण त्याला शॉट ब्लास्ट (बारीक छर्रे मारून पृष्ठभाग साफ करणं) एकदम स्वच्छ लागतो आणि खोल कपच्या बॅकवर्ड एक्सट्रुजनला (पंच आत जातो आणि धातू उलटा वर चढतो) आमच्याकडे ट्रायल घेतली तेव्हा पंच लवकर खराब झाले. जर्मनीत फ्रिट्झ सिंगरने १९३४ च्या पेटंटमध्ये मांडलेली ही फॉस्फेटची आयडिया अजून अवघड पार्टला टिकून आहे ती उगाच नाही. मात्र १२.९ ग्रेडचे (खूप जास्त ताकदीचे) बोल्ट करत असाल तर हीट ट्रीटमेंटच्या आधी फॉस्फेट उतरवून घ्यायला विसरू नका, नाहीतर फॉस्फरस पृष्ठभागात शिरतो आणि पार्ट ठिसूळ होतो. ते उतरवायचं काम इथे करतात, वेगळा चार्ज लावून.

स्टेनलेस घेऊन जाऊ नका. त्यावर झिंक फॉस्फेट बसत नाही, ऑक्सलेट लागतं, आणि ती टाकी यांच्याकडे नाही. अ‍ॅल्युमिनियमलाही नाहीच म्हणतात. पहिल्यांदा माल टाकताना चलनावर ग्रेड, अ‍ॅनील झालाय का, शॉट ब्लास्ट केलाय का आणि किती ग्रॅम कोटिंग पाहिजे हे स्पष्ट लिहा, आणि सुपरवायझर डे शिफ्टला असतो तेव्हाच जा.