बडोद्यातले फ्रेमवाले काका, अंशुमन गायकवाडांचा फोटो आणि आमचे बाबा

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबणार आहे. फक्त दुकान कसं आहे एवढंच हवं असेल तर दांडिया बाजारात कुणालाही "जुन्या फोटोंना फ्रेम करणारे काका" म्हणून विचारा, गल्ली दाखवतील, आणि जुना फोटो असेल तर डोळे मिटून तिथेच द्या. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, वर्ष उलटून गेलं तरी हे लिहायचं राहिलंच होतं आणि काकांना परवा भेटले तेव्हा स्वतःचीच लाज वाटली.

३१ जुलै २०२४ ला, बुधवारी रात्री आपल्या बडोद्याचे कसोटीपटू अंशुमन गायकवाड गेले. ब्लड कॅन्सर होता. लंडनला किंग्ज कॉलेज हॉस्पिटलात उपचार घेऊन परत आले होते, कपिल देव आणि बरोबरच्या खेळाडूंनी मदतीसाठी हाक दिली होती, बीसीसीआयने १ कोटी दिले, त्यामुळे बाबांनी मनाशी पक्कं धरलं होतं की आता माणूस बरा होतोय. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांचे वडील दत्ताजीराव गेले तेव्हा एवढं लागलं नव्हतं, ते ९५ वर्षांचे, भारताचे सगळ्यात वयस्कर कसोटीपटू, वाईट वाटलं पण पिकलं पान म्हणून लोकांनी मान्य केलं. पण सहा महिन्यांच्या आत मुलगाही गेला आणि तोही ७१ व्या वर्षी. बाबा ७६ चे. गुरुवारी दिवसभर एकच वाक्य, "माझ्याहून लहान होता गं तो." दुपारी जेवले नाहीत. मी पहिल्यांदा बाबांना क्रिकेटसाठी असं बसलेलं पाहिलं, २००३ ची वर्ल्ड कप फायनल हरलो तेव्हासुद्धा ते उठून भाजी आणायला गेले होते.

आमच्याकडे एक फोटो आहे. १९८३-८४ च्या हिवाळ्यातला, मोतीबाग मैदानावरचा, ब्लॅक अँड व्हाइट. पांढरा स्वेटर घातलेले उंच अंशुमन, त्यांचा हात बाबांच्या खांद्यावर, आणि खाली बॉलपेनने सही. नुकताच जालंधरला पाकिस्तानविरुद्ध २०१ केले होते, ६७१ मिनिटं खेळून, म्हणजे अकरा तासांच्या वर! बाबा तेव्हा बँकेत होते आणि ट्रान्झिस्टर ड्रॉवरमध्ये ठेवून कॉमेंट्री ऐकायचे, साहेब पण येऊन विचारायचे "अजून आहे का?" आणि बाबा सांगायचे "आहे." मी तेव्हा दोन वर्षांची, मला काही आठवत नाही, पण हे "आहे" मी इतक्या वेळा ऐकलंय की मीच तिथे होते असं वाटतं. फोटोत अंशुमनच्या चष्म्याच्या एका काचेवर ऊन चमकलंय म्हणून एक डोळा दिसतच नाही, नुसता पांढरा ठिपका.

तर बाबांच्या कमाटी बागेतल्या सकाळच्या मंडळींनी ठरवलं की रविवारी संध्याकाळी एकाच्या घरी जमायचं, श्रद्धांजली, फोटो आपल्याकडचा ठेवायचा. फोटो काढून बघितला तर कडेने कसर लागलेली, एका कोपऱ्यात बुरशी, आणि जुन्या फ्रेमची काच वरच्या बाजूला फोटोला चिकटलेली.

घाई होती म्हणून मी जवळच्याच एका डिजिटल स्टुडिओत दिला. नाव लिहीत नाही, मुलगा वाईट नव्हता, त्याला वाटलं आपण छानच करून देतोय. शुक्रवारी संध्याकाळी प्रिंट मिळाली, रंगीत, चकचकीत. अंशुमनचे गाल गुळगुळीत, दात पांढरेशुभ्र, आणि त्या पांढऱ्या ठिपक्याच्या जागी कॉम्प्युटरने एक डोळा बसवलेला. सही पुसून टाकलेली, का तर "डाग वाटला". बाबांनी प्रिंट हातात घेतली, चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "हा कोण?" रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्याच दिवशी कोलंबोला श्रीलंकेविरुद्ध वनडे होती, आपली टीम अंशुमनसाठी दंडाला काळी पट्टी बांधून उतरली होती, बाबा टीव्हीसमोर बसले खरे पण स्कोअर बघत नव्हते, कॅमेरा खेळाडूंच्या दंडावर गेला की तेवढे पुढे वाकायचे. मॅच टाय झाली.

शनिवारी सकाळी शेजारच्या वहिनींनी या काकांचं सांगितलं. दुकान म्हणजे एक खण, बाहेर फ्रेमच्या पट्ट्या उभ्या करून ठेवलेल्या, आत देवादिकांच्या तसबिरी आणि लोकांच्या आजोबा-आजी. काका गुजराती, सत्तरीचे असतील, मराठी सगळं समजतं पण बोलतात गुजरातीत, आपल्याकडे हे नेहमीचंच. मी फोटो पुढे केला आणि म्हटलं उद्या संध्याकाळी हार घालायचाय, अर्जंट आहे. काकांनी फोटो खिडकीजवळ नेला, बराच वेळ बघत राहिले. "आ तो आपणा अंशुमनभाई." मग बाबांवर बोट ठेवून विचारलं हे कोण, मी म्हटलं माझे वडील. "छे ने?" मी म्हटलं हो हो, आहेत, घरी आहेत.

मग म्हणाले, "तो बेन, हार केवी रीते चढावशो?"

मी खरंच गप्प झाले. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालणार? आई मला उंबऱ्यातच ओरडली असती. हे माझ्या डोक्यात आलं नाही, बाबांच्या आलं नाही, बागेतल्या एकाही माणसाच्या आलं नाही आणि स्टुडिओतल्या मुलाने तर दोघांनाही रंगवून दिलं होतं. काकांनी मार्ग काढला: मूळ फोटो आहे तसाच ठेवायचा, त्याची फक्त सफाई आणि फ्रेम, त्याला आठ दिवस. आणि रविवारसाठी फोटोचा फोटो काढून एकट्या अंशुमनची वेगळी प्रिंट, त्याला साधी फ्रेम. ताजा हार घालू नका असंही सांगितलं, फुलांचं पाणी काचेवरून ओघळून खालच्या पट्टीत शिरतं आणि सहा महिन्यांत फोटोच्या खाली पिवळा पट्टा दिसायला लागतो, बहुतेक घरांमधले फोटो असेच खराब होतात म्हणे. चंदनाचा हार घाला, ताजी फुलं समोर ताटात ठेवा. मी विचारलं चष्म्यावरचा तो ठिपका? म्हणाले तो ऊन आहे, ते मी कसं काढू.

त्यात बाबांचा हट्ट वेगळाच, प्रिंटमध्ये अंशुमनचा डावा कान नीट दिसला पाहिजे. का ते आम्हाला माहीत होतं. १९७६ ला जमैकात, किंग्स्टनला, हेल्मेट नसताना वेस्ट इंडीजच्या होल्डिंगचा बॉल कानावर बसला, ८१ वर असताना रिटायर्ड हर्ट, तिथून हॉस्पिटल. त्या दिवसापर्यंत अंगावर इतके बॉल झेलून उभे राहिले होते. दुसऱ्या डावात तर भारताचे पाच जण बॅटिंगला उतरूच शकले नाहीत. बाबांनी हे पेपरात वाचलं तेव्हा ते नोकरीला नुकते लागले होते आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तेव्हापासून ते अंशुमनचे. लोक गावसकर, विश्वनाथ करायचे, बाबा म्हणायचे आमचा अंशुमन. काकांना हे सगळं फोनवर बाबांनी स्वतः सांगितलं, वीस मिनिटं, गिऱ्हाईक उभं असताना, आणि काकांनी ऐकून घेतलं.

आता तक्रार. प्रिंट रविवारी बाराला देतो म्हणाले होते, मिळाली सव्वापाचला आणि कार्यक्रम सहाला. मधल्या वेळात फोन उचलत नव्हते. माझा जीव टांगणीला, आणि त्या दिवशी दिव्याची अवस, घरी दिव्यांची पूजा तशीच अर्धी टाकून मी गेले. गेले तर शटर अर्धं वर आणि काका जमिनीवर बसून हातानेच कोपरे जुळवत होते. रविवारी दुकान बंद असतं, फक्त आमच्यासाठी उघडलं होतं हे मला तिथे गेल्यावर कळलं. तरी पण काका, फोन उचलायला हवा होता.

घरी मांडलेला एक दिवा उचलून घेतला आणि तसेच गेलो. पंधरा-सोळा जण होते, जास्त करून साठीच्या पुढचे, एक-दोन मुलगे. कुणी अंशुमन भारताचे कोच असतानाचं बोललं, शारजा ९८, कुंबळेच्या कोटलावरच्या दहा विकेट, तेव्हा ड्रेसिंग रूममध्ये हेच होते. कुणी सांगितलं की पहिली कसोटी ईडन गार्डन्स आणि शेवटचीही ईडन गार्डन्स, १९७४ आणि १९८४, बरोब्बर दहा वर्षं. आणि मग एकाने फोटोजवळ जाऊन विचारलं की हा हात कुठे चाललाय? कारण काकांनी प्रिंटमधून बाबांना वगळलं होतं पण अंशुमनचा हात कापला नव्हता, तो स्वेटरच्या बाहीतून निघून फ्रेमच्या कडेपर्यंत जातो आणि तिथे संपतो. बाबा खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत, नुसता आपला खांदा दाखवला. मग मात्र रडले. चार दिवसांत पहिल्यांदा.

मूळ फोटो दहा दिवसांनी मिळाला (आठ नाही, दहा). काच फोटोपासून इतकी अलगद सोडवली आहे की वरच्या कडेला जेमतेम नखाएवढा ओरखडा आहे, तो पण काकांनी स्वतःहून दाखवला. सही शाबूत. बुरशीचा डाग फिका झालाय, गेला नाही, जास्त घासलं तर खालचं पण जाईल म्हणाले. काच आणि फोटोच्या मध्ये माउंटची जाड पट्टी घातली आहे म्हणजे परत चिकटणार नाही. मागून सगळीकडून टेप.

त्या टेपचं महत्त्व पंधरा दिवसांत कळलं. ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्रीचा पूर आला, आमचं समा भागातलं घर तळमजल्यावर, कमरेपर्यंत पाणी. सोफा गेला, फ्रिज गेला, आईच्या पुस्तकांचं कपाट गेलं. फोटो भिंतीवर वर होता म्हणून पाणी लागलं नाही, पण नंतर महिनाभर भिंतींना जी ओल होती त्यात दुसऱ्या दोन फ्रेम आतून फुगल्या आणि ही कोरडी राहिली. मी मागून हात फिरवून बघितला, एकदा नाही, बरेचदा.

पैसे: प्रिंट आणि साधी फ्रेम ३५० रुपये, मूळ फोटोची सफाई, माउंट, सागाची पट्टी, काच सगळं मिळून ११००. स्टुडिओवाल्याने एका रंगीत प्रिंटचे ६०० घेतले होते. काका यूपीआय घेतात, पण मोबाइल नातवाकडे असतो म्हणून रोख नेलेली बरी. गाडी नेऊ नका, दांडिया बाजारात लावायला जागा मिळणार नाही, रिक्षाने जा. दुपारी १ ते ४ बंद. वेळ सांगतील त्यात दोन दिवस आपले आपण धरून चला, आणि फोटोत कोण कोण आहे ते त्यांना आधीच सांगा, तसे ते विचारतातच.