नाणं एकच, विक्रेते तीन: शिपिंग आणि रेटिंग कसं जोखायचं

समजा, एकाच वर्षाचं, एकाच टांकसाळीचं आणि साधारण सारख्याच स्थितीतलं नाणं तीन विक्रेत्यांकडे दिसतंय. चलन कोणतंही धरा. पहिल्याकडे किंमत ९०० आणि शिपिंग २५०. दुसऱ्याकडे किंमत १,१००, शिपिंग फुकट. तिसऱ्याकडे किंमत १,००० आणि शिपिंग ६०. नुसत्या किमतीनुसार यादी लावली की पहिला सगळ्यात वर येतो. बेरीज केली की तोच सगळ्यात महाग पडतो: १,१५०, १,१०० आणि १,०६०. म्हणून यादी लावताना ‘किंमत अधिक शिपिंग’ हाच पर्याय निवडा. ही सोय नसेल तर वही घ्या आणि हाताने बेरीज करा.

पण बेरजेवर निर्णय संपत नाही. नाणं हातात आल्यावर पसंत पडलं नाही आणि परत केलं, तर काय होईल ते बघा. बहुतेक ठिकाणी ‘मन बदललं’ या कारणासाठी परत केलं तर नाण्याची किंमत मिळते, मूळ शिपिंग मिळत नाही आणि परतीचा टपालखर्चही आपलाच असतो. म्हणजे पहिल्याकडे २५० गेले ते गेलेच. तिसऱ्याकडे ६० जातील. दुसऱ्याकडे, त्याने परतीच्या अटींत वेगळी कपात लिहिली नसेल तर, पूर्ण १,१०० परत येतील. फोटोवरून स्थितीचा नीट अंदाज येत नसलेलं नाणं घ्यायचं असेल, तर दुसऱ्याला दिलेले ४० जास्त मला वाजवी वाटतात. स्लॅबमधलं नाणं, म्हणजे तपासणी करणाऱ्या संस्थेने ग्रेड (स्थितीचा दर्जा) ठरवून प्लास्टिकच्या बंद डबीत घातलेलं, असेल तर ते ४० वाचवावेत.

आता पहिल्याचे २५० आले कुठून? किंमत कमी आणि शिपिंग फुगवलेलं, ही ऑनलाइन बाजारातली फार जुनी युक्ती. साइटचं कमिशन फक्त विक्रीच्या किमतीवर असेल तर शिपिंगमध्ये टाकलेला पैसा कमिशनमधून सुटतो. ईबेने २०११ मध्ये अमेरिकेत शिपिंगच्या रकमेवरही कमिशन लावायला सुरुवात केली, ती याच कारणाने. जिथे अजून फक्त किमतीवर कमिशन आहे, तिथे ही युक्ती चालूच आहे. आणि ज्या देशांत कस्टम ड्यूटी शिपिंग आणि विमा धरून आकारतात, तिथे फुगवलेल्या शिपिंगवर आपण करही भरतो.

तरीही २५० हा आकडा बघून लगेच नाक मुरडू नका. नाणं पाठवणं हे पुस्तक पाठवण्यासारखं काम नाही. आंतरराष्ट्रीय टपाल संघाच्या नियमांनुसार नाणी, नोटा, सोनं-चांदी अशा गोष्टी विम्याविना साध्या पत्रातून परदेशी पाठवायला मनाई आहे. पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही देशांचे कायदे परवानगी देत असतील तरच त्या बंद पाकिटातून रजिस्टर्ड टपालाने जाऊ शकतात. काही देशांचं टपाल खातं नाणी अजिबात स्वीकारत नाही, आणि मग विक्रेत्याला महागड्या कुरिअरकडे वळावं लागतं. म्हणजे परदेशातून येणाऱ्या नाण्यावर २५० हा खरा खर्च असू शकतो, आणि ६० मध्ये साध्या पाकिटातून येणारं नाणं नियमाबाहेर प्रवास करत असू शकतं. ते हरवलं तर टपाल खातं हात वर करणार. काही विक्रेते कस्टमच्या सीएन २२ चिठ्ठीवर (पाकिटात काय आहे आणि किती किमतीचं, हे लिहायची चिठ्ठी) ‘टोकन’ किंवा ‘बटण’ लिहून किंमतही नाममात्र दाखवतात. त्यात आपलं काही वाचतंय असं वाटतं, पण पाकीट गहाळ झालं तर भरपाई त्या नाममात्र किमतीच्या पुढे जात नाही. असं सुचवणारा विक्रेता मी त्याच क्षणी सोडतो.

म्हणून घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: पाकीट कोणत्या सेवेने येणार, ट्रॅकिंग असेल का, आणि हरवलं तर जबाबदारी कोणाची? ‘रजिस्टर्ड, विम्यासह, पोहोचेपर्यंत जबाबदारी आमची’ असं सरळ उत्तर देणाऱ्याचे २५० समजून घेता येतात. ‘काळजी नको, आजवर काही झालं नाही’ हे उत्तर ६० वाल्याकडून आलं तर ते ६० महाग आहेत.

पॅकिंग हा शिपिंगच्या रकमेतला सगळ्यात दुर्लक्षित भाग. नुसतं पाकिटात टाकलेलं नाणं घरंगळत कोपऱ्यात जातं. टपालाच्या सॉर्टिंग मशिनच्या रुळांतून पाकीट वाकत जाताना तो कोपरा फाटतो आणि नाणं बाहेर पडतं. मिळतं ते रिकामं पाकीट, आणि ट्रॅकिंगवर मात्र ‘पोहोचलं’. चांगला विक्रेता नाणं फ्लिपमध्ये (एका नाण्यापुरत्या छोट्या पाकिटात) घालतो, फ्लिप दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये चिकटवतो, पुठ्ठ्यांच्या कडा बंद करतो आणि मग ते जाड पाकिटात सरकवतो. हलवलं तर आवाज येता कामा नये. पुठ्ठ्याच्या फ्लिपच्या पिना पक्कडीने चपट्या केलेल्या असाव्यात, नाहीतर शेजारच्या नाण्यावर ओरखडा येतो. मऊ पीव्हीसीच्या फ्लिपमध्ये आलेलं तांब्याचं नाणं त्याच दिवशी बाहेर काढा. त्या प्लास्टिकमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. या सगळ्याला पैसे आणि वेळ लागतो, आणि त्यासाठी टपालाच्या दरावर थोडं जास्त घेणं मला पूर्ण रास्त वाटतं.

रास्त नाही ते असं: पाच नाणी एकाच विक्रेत्याकडून घेतली आणि शिपिंग पाच वेळा लावलं. सॉव्हरिन हे ब्रिटिश सोन्याचं नाणं ७.९८ ग्रॅमचं असतं. पाच मिळून ४० ग्रॅमही भरत नाहीत. पाकीट एक, रजिस्ट्रेशन एक, टपालात फेरी एक. विमा थोडा वाढेल, पुठ्ठा थोडा मोठा लागेल, बस. एकत्र शिपिंग देणारा आणि न देणारा यांच्यात निवडताना फारसा विचार करू नका. स्वस्तातली नाणी जमवणाऱ्यांसाठी तर हा सगळ्यात मोठा मुद्दा आहे. नाणं ५० चं आणि रजिस्टर्ड शिपिंग ६० चं असेल तर एकेक नाणं मागवण्यात अर्थ नाही. त्याच विक्रेत्याकडची आणखी चार-पाच निवडा, किंवा ते नाणं सोडून द्या.

आता रेटिंग. एका विक्रेत्याला २५ अभिप्राय आहेत, सगळे चांगले, म्हणजे १०० टक्के. दुसऱ्याला ५,००० आहेत, त्यांतले ४० वाईट, म्हणजे ९९.२ टक्के. डोळा १०० वर जातो. पण संख्याशास्त्रात एक सोपा नियम आहे: काहीच बिघडलं नसेल तर तीनला एकूण संख्येने भागा, बिघाडाचं खरं प्रमाण तेवढ्यापर्यंत असू शकतं. २५ साठी ते १२ टक्के येतं. म्हणजे १०० टक्केवाल्याबद्दल आपल्याला अजून फार थोडं कळलंय, आणि ९९.२ वाल्याबद्दल बरंच. मोठ्या रकमेसाठी मी दुसरा धरेन. पण आधी ते ४० वाचेन.

वाचायचं ते तिथेच. ‘पोहोचायला महिना लागला’ ही तक्रार बहुधा टपालाची किंवा कस्टमची. ‘नाणं घासून साफ केलेलं निघालं, लिस्टिंगमध्ये उल्लेख नव्हता’ ही थेट विक्रेत्याची. अशा दोन-तीन तक्रारी वेगवेगळ्या खरेदीदारांकडून आल्या असतील तर टक्केवारी कितीही असो, थांबा. ‘रजिस्टर्डचे पैसे घेतले, साध्या टपालाने पाठवलं’ ही तक्रार तर शिपिंग आणि नियत दोन्हींवर एकदम उजेड टाकते. विक्रेत्याचं उत्तरही वाचा. ‘परत पाठवा, पैसे देतो’ म्हणणारा वेगळा, ग्राहकालाच अडाणी ठरवणारा वेगळा. ‘बरं’ म्हणून सोडून दिलेले मधले अभिप्रायही चाळा. त्यांत लोक जास्त खरं लिहितात.

आकडा कसा बनतो तेही माहीत हवं. ईबेवरची टक्केवारी मागच्या १२ महिन्यांची असते. खाली दिसणारी एकूण संख्या मात्र जुनी असू शकते. २००८ पर्यंत तिथे विक्रेताही खरेदीदाराला वाईट शेरा देऊ शकत होता, त्यामुळे बदल्याच्या भीतीने लोक खरं लिहायला कचरत. त्या वर्षी ते बंद झालं. विक्रेता फुकट शिपिंग देत असेल तर शिपिंगखर्चाचे पाच तारे त्याला आपोआप मिळतात, म्हणून त्या ताऱ्यांवरून काही ठरवू नका. अभिप्राय विक्रेता म्हणून मिळालेत की खरेदीदार म्हणून, आणि नाणी विकून मिळालेत की मोबाइलची कव्हरं विकून, हेही तपासा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: रेटिंग नाण्याच्या खरेपणाची हमी देत नाही. पाकीट वेळेवर आलं, पॅकिंग छान होतं, विक्रेता गोड बोलला, एवढ्यावर लोक पाच तारे देतात. बनावट नाणं ओळखता न आलेला खरेदीदारही पाच तारेच देतो. बनावट मालाच्या विक्रेत्याचं पान म्हणूनच झकास दिसू शकतं.

त्यामुळे महागड्या नाण्यासाठी खुल्या बाजारातल्या रेटिंगपेक्षा विक्रेत्याची लेखी हमी मी मोठी मानतो. व्हीकॉइन्स किंवा एमए-शॉप्स यांसारख्या ठिकाणी निवडक व्यावसायिक विक्रेते असतात आणि नाणं खरं असल्याची हमी देतात. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या व्यावसायिक नाणेतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे सदस्यही अशी हमी देतात. तिथे किंमत सहसा जास्त असते, घासाघीस कमी होते आणि शिपिंगही बहुधा विम्यासह म्हणजे महाग असतं. लिलावघरांत तर बोलीवर वेगळं प्रीमियम (खरेदीदाराकडून घेतलं जाणारं लिलावघराचं कमिशन), त्यावर शिपिंग आणि विमा. बोली लावतानाच हे सगळं धरून आपला कमाल आकडा मागे आणावा लागतो. पीसीजीएस (१९८६ पासून) किंवा एनजीसी (१९८७ पासून) या ग्रेड ठरवणाऱ्या संस्थांच्या स्लॅबमधलं नाणं असेल तर प्रमाणपत्राचा क्रमांक त्यांच्या साइटवर घालून तपासा, आणि तिथे फोटो असेल तर नाण्यावरच्या खुणा जुळवून बघा. नकली स्लॅबवर खरा क्रमांक छापलेला असू शकतो.

तर माझी निवड अशी. हलक्या किमतीची नाणी: खुला बाजार, एकत्र शिपिंग देणारा विक्रेता, रेटिंग ९९ च्या आसपास चालेल. मधल्या किमतीची: ‘किंमत अधिक शिपिंग’ थोडं जास्त असलं तरी ट्रॅकिंग देणारा आणि परत घेणारा. महागडं एकच नाणं: लेखी हमी देणारा व्यावसायिक, रजिस्टर्ड आणि विम्यासह, मग शिपिंग २५० असो की ४००.

पाकीट आलं की उघडण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा. त्यावरचे स्टॅम्प आणि सेवेचं लेबल बघा, म्हणजे पैसे कशाचे घेतले आणि पाठवलं कसं हे लगेच कळतं. मग नाणं तिरप्या उजेडात धरून बारीक ओरखडे शोधा. काही खटकलं तर आधी विक्रेत्याला लिहा, अभिप्राय नंतर. ईबेवर अभिप्रायासाठी ६० दिवस असतात, पण पैसे परत मागायची मुदत सहसा ३० दिवसांचीच, म्हणून विक्रेत्याच्या उत्तराची वाट बघताना ती चुकवू नका. शिपिंग महाग होतं, एवढ्यासाठी वाईट शेरा देऊ नका. तो आकडा आपण वाचूनच मान्य केला होता. विम्याचे पैसे घेऊन विमा काढला नसेल तर मात्र ते स्पष्ट शब्दांत, रकमेसकट लिहा. पुढचा खरेदीदार तेच शोधत असतो.