नेपल्सचा पिझ्झा की रोमचा? घरी कोणता करावा

दोन्ही अस्सल इटालियन, पण घरी करताना निवड आवडीपेक्षा ओव्हनवर ठरते.

नेपल्सच्या पिठात फक्त पीठ, पाणी, मीठ आणि यीस्ट. 500 ग्रॅम पिठाला साधारण 300 ग्रॅम पाणी, तेल अजिबात नाही. रोमच्या पातळ पिझ्झ्यात तेवढ्याच पिठाला 275 ग्रॅम पाणी आणि 20-25 ग्रॅम ऑलिव्ह तेल. खुसखुशीतपणा या तेलामुळे येतो.

रोमचा गोळा लाटण्याने लाटतात, त्यामुळे नवख्यालाही जमतो. नेपल्समध्ये लाटणं वर्ज्य. बोटांनी मधली हवा कडेकडे सरकवायची. लाटलं तर ती निघून जाते आणि कड फुगतच नाही. गोळा फ्रिजमधून थेट घेतला तर ताणला की आखडतो, तेव्हा आधी दोनेक तास बाहेर ठेवा. नेपल्सचं हे हातकौशल्य युनेस्कोने 2017 मध्ये वारसा यादीत घेतलं, ते योग्यच.

खरी मेख उष्णतेत आहे. नेपल्सची लाकडाची भट्टी 430 ते 480 अंशांची, पिझ्झा 60-90 सेकंदांत तयार. घरच्या 250 अंशांवर त्याला सात-आठ मिनिटं लागतात. तोवर पिठातला ओलावा उडतो आणि कड चिवट होते. रोमच्या पिझ्झ्याला मात्र जास्त वेळ भाजणं मानवतं.

मोझरेला दोन्हीकडे आधी निथळून घ्यायचं, नाहीतर मधोमध तळं साचतं.

साधा ओव्हन असेल तर रोमचाच करा, जाड लोखंडी तवा आत पाऊण तास तापवून त्यावर. 450 अंश गाठणारी गॅसची पिझ्झा-भट्टी असेल आणि मऊ, घडी घालता येईल असा पिझ्झा हवा असेल, तर नेपल्सचा.