ट्रेलसाठी डिस्क ब्रेक: केबल की ऑइल, दोन पिस्टन की चार?

नाशकात सायकलने ट्रेलला जातो म्हणजे नक्की कुठे, हे आधी ठरवा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरकडच्या मुरमाच्या वाटांवर ब्रेक अधूनमधूनच लागतो. अंजनेरी-त्र्यंबक बाजूच्या उतारांवर बोटं लिव्हरवरून निघतच नाहीत, आणि पावसाळ्यात चिखल ब्रेकचे पॅड खात सुटतो.

केबलचा ब्रेक स्वस्त. केबल तुटली तर गल्लीतल्या सायकलवाल्याकडेही मिळते. पण बहुतेक केबल कॅलिपरमध्ये (चाकाजवळच्या, पॅड धरणाऱ्या भागात) एकच पॅड हलतो आणि तो रोटरला (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला) वाकवून पलीकडच्या पॅडवर दाबतो. पॅड झिजला की फट वाढते, ती आपण हाताने कमी करायची. अ‍ॅव्हिड बीबी७ ला दोन्ही बाजूंचे पॅड वेगवेगळे जुळवता येतात, म्हणून त्यातल्या त्यात तो बरा. एका पावसाळ्यात मात्र आउटरमध्ये (केबलवरच्या नळीत) पाणी-माती शिरते आणि लिव्हर जड होतो.

हायड्रॉलिकमध्ये, म्हणजे ऑइलच्या ब्रेकमध्ये, पॅड झिजेल तसे पिस्टन (पॅड ढकलणारे दट्टे) आपोआप पुढे येतात, आणि एका बोटाने काम होतं. बदल्यात अधूनमधून ब्लीडिंग (ऑइलमधली हवा काढणं) करावं लागतं. त्र्यंबकला गाडीतून सायकल नेताना चाक काढलंत तर दोन पॅडच्या मध्ये स्पेसर (फट राखणारा तुकडा) घाला. चुकून लिव्हर दाबला गेला तर पिस्टन बाहेर येतात आणि चाक परत बसवताना नाकी नऊ येतात. तरीही ट्रेलसाठी माझं मत हायड्रॉलिकलाच. बजेट कमी असेल तर काटकसर गिअरमध्ये करा, शिमानो एमटी२०० सारखा साधा सेट चालेल.

दोन पिस्टन की चार? वजन साठ-पासष्ट किलो आणि उतार छोटे, तर दोन पुरे. नव्वदीच्या आसपास असाल किंवा सावळघाटासारखा लांब उतार नेहमीचा असेल, तर निदान पुढे तरी चार पिस्टन घ्या. शिमानोत एमटी४२० आणि डिओर एम६१२० हे त्यातले. पण त्याआधी रोटर बघा. १६० मिमीऐवजी १८० मिमी लावला की तेवढ्याच दाबात ब्रेकिंग साधारण बारा टक्के वाढतं, तेही नवा रोटर आणि अडॅप्टरच्या खर्चात. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या काट्याला) जास्तीत जास्त किती मिमीचा रोटर चालतो, तेवढं तपासा.

पॅडकडे लोक दुर्लक्ष करतात, खरा फरक तिथेच पडतो. रेझिन पॅड शांत, थंड असतानाही लगेच पकडतात, पण चिखलात भराभर संपतात आणि लांब उतारावर तापले की पकड सोडतात. मेटल पॅड आवाज करतात, पण टिकतात. मी असतो तर जून ते सप्टेंबर मेटल आणि उरलेलं वर्ष रेझिन लावलं असतं. अट एकच: शिमानोच्या स्वस्त रोटरवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असतं, त्यावर मेटल लावू नका. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक लॉक न करता, वीसेक वेळा जवळजवळ थांबेपर्यंत ब्रेक मारा. चेनचा स्प्रे पॅडवर उडाला तर पॅड गेलेच समजा.

ऑइलचं थोडक्यात. शिमानो, टेक्ट्रो, मॅग्युरा मिनरल ऑइलवर चालतात. स्रॅमचे बरेच ब्रेक डॉट फ्लुइडवर. डॉट ४ मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात सहज मिळतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं, त्यामुळे ठरावीक काळाने बदलावंच लागतं. सांडलं तर रंगही उडवतं. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट घातलं तर सील फुगून ब्रेक निकामी होतो. मेकॅनिक बाटली उघडताना शेजारी उभे राहा.

ऑनलाइन सेट मागवताना एक गोष्ट सुटते. आपल्याकडे पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो, बाहेरच्या देशांतल्या सेटमध्ये बरेचदा डाव्या. केबल असेल तर अदलाबदल सोपी; हायड्रॉलिकमध्ये नळ्या सोडवून, कापून पुन्हा ब्लीड करावं लागतं. ऑर्डर देण्याआधी दुकानदाराला विचारा, किंवा त्या मजुरीचे पैसे बाजूला ठेवा.