बोटांच्या ठशांवरून स्वभाव सांगणारी चाचणी: फी भरण्याआधी हे वाचा

शाळेत किंवा तालुक्याच्या गावी शिबिर लावून विकली जाणारी ही चाचणी, नाव 'डीएमआयटी'. लेकराची दहाही बोटं स्कॅनरवर ठेवतात, काही ठिकाणी तळहाताचाही ठसा घेतात. मग जाडजूड रंगीत अहवाल हाती येतो: लेकरू अबोल की बोलकं, तर्क किती टक्के, संगीत किती टक्के, पुढं डॉक्टर व्हावं की व्यापारी. फी हजारांत असते आणि ती कापसाच्या चुकाऱ्यातून जाते. आमचं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

विकणारा सांगतो की कातडी आणि मेंदू गर्भात एकाच थरातून तयार होतात, म्हणून ठशात मेंदू दिसतो. थर एकच, हे खरं. पण केस, नखं आणि दातावरचं कवचही त्याच थरातलं आहे, त्यावरून कोणी स्वभाव सांगत नाही. ठशांच्या रेषा गर्भाच्या साधारण दहाव्या आठवड्यापासून उमटू लागतात आणि पाचव्या महिन्यापर्यंत पक्क्या होतात. पुढं त्या बदलत नाहीत. लेकराचा मेंदू मात्र त्यानंतर वीस-पंचवीस वर्षं घडत राहतो. चक्र किती, शंख किती यावरून स्वभाव ठरतो याला शास्त्रीय आधार नाही. भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनंही तसं निवेदन काढलं आहे.

स्वभावात आईबापाचा वाटा असतोच. जगभरातल्या जुळ्यांच्या पन्नास वर्षांच्या अभ्यासांचा एकत्र हिशेब २०१५ साली मांडला गेला. त्यात माणसामाणसांतल्या फरकाचा साधारण निम्मा भाग जनुकांशी जोडलेला निघाला. नुसत्या स्वभावापुरतं पाहिलं तर थोडा कमी, ४० टक्क्यांच्या आसपास. अहवालवाले इथंच गफलत करतात. हा आकडा हजारो लोकांतल्या फरकाचा आहे. तुमच्या पोरीचा ४० टक्के स्वभाव रक्तातून आला, असा त्याचा अर्थ होत नाही.

वरुड-मोर्शीच्या बागायतदाराला हे लवकर कळेल. एकाच संत्र्याचे डोळे (कलमाच्या कळ्या) काही जंभेरीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या रोपावर भरले, काही रंगपूर लिंबाच्या. निचऱ्याच्या जमिनीत दोन्ही कलमं चांगली चालतात. पाणी धरणाऱ्या भारी वावरात जंभेरीवरच्या झाडाला डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लवकर लागतो, रंगपूरवरचं जास्त तग धरतं. फरक खुंटाचा, पण तो दिसला त्या जमिनीतच. मग झाड खुंटानं गेलं की जमिनीनं? टक्के पाडता येत नाहीत. लेकराचंही तसंच. जन्मतः बुजरं पोर घरात रोज आरडाओरड असेल तर आणखी मिटतं. मास्तरांनी चौघांसमोर न टोकता हळूहळू बोलतं केलं तर वर्गात उभं राहून वाचू लागतं. शिवाय लेकराचा स्वभाव आपलं वागणंही बदलवतो: चळवळ्याला रट्टे बसतात, गप्प असलेल्याकडं कोणी बघत नाही.

म्हणूनच या अहवालाचा खरा धोका पैशात नाही. 'गणित कमकुवत' असा शिक्का आला की घरचे गणिताला बसवणं सोडतात. वर्षभरानं गणित खरंच कच्चं होतं आणि अहवाल बरोबर होता असं वाटू लागतं.

यंत्राचंही ऐका. कापूस वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या टोकांनी बोटं ओरखडलेली असतात. रेशन दुकानात अंगठा लागत नाही, तेच इथंही होतं. ठसा अर्धवट आला की रेषांची मोजणी चुकते.

फी भरून झाली असेल तर दोन गोष्टी करा. त्याच लेकराचे ठसे नाव न सांगता पुन्हा द्या आणि दोन्ही अहवालांतले टक्के जुळतात का बघा. जुळले तरी एवढंच कळेल की यंत्र नीट मोजतं. स्वभाव कळला असं नाही. दुसरं, दहा बोटांचे ठसे कुठं साठवले आणि कधी पुसणार, हे लेखी मागा. तीच बोटं आधारला लागतात.

लेकराच्या वागण्याची खरंच काळजी असेल तर जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात न्या, किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ वर फोन करा. तिथं मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. जाताना लिहून न्या: किती दिवसांपासून, दिवसातल्या कोणत्या वेळी, घरात की शाळेत, आणि त्याच सुमारास घरात काय बदललं.